स्वस्तातल्या चित्रयंत्राची वंशावळ

सुटे भाग निवडून घरच्या घरी चित्रपट दाखविणारे यंत्र उभे करणे हा आजकालच्या पोरांचा नवा नाद आहे, असे पुष्कळ वडीलधारी मंडळी समजतात. हा नाद आपल्या महाराष्ट्रात शंभर वर्षांहून जुना आहे, आणि पहिल्यापासून तो तोकड्या पैशांतच चालत आला आहे.

१९१२ च्या फेब्रुवारीत दादासाहेब फाळके विलायतेला निघाले, तेव्हा विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून उभा केलेला पैसा त्यांच्या गाठीला होता. लंडनच्या बाजारात भुलविणारी यंत्रे कमी नसतील. फाळक्यांनी विल्यमसनचा कॅमेरा घेतला, कच्च्या फिल्मची मागणी नोंदविली आणि फिल्मच्या कडांना भोके पाडण्याचे यंत्र मागविले. जे घरी होणार नाही तेवढ्यावर त्यांनी पैसा घातला. बाकीचे सारे घराने पुरविले. दादरच्या बिऱ्हाडात अंधारी खोली झाली. सरस्वतीबाई दिवसभर मंडळींचा स्वयंपाक रांधायच्या आणि रात्री अंधारात बसून फिल्मला भोके पाडायच्या. इतिहासाच्या पुस्तकांत ३ मे १९१३ ही तारीख असते, कोरोनेशन थिएटरचे नाव असते. ती भोके मात्र क्वचित असतात. भोक केसभर चुकले तर पडद्यावरचा राजा हरिश्चंद्र थरथर कापू लागेल, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या बाईंच्या रात्री काय मोलाच्या होत्या ते कळते.

कोल्हापुरात तर याच्याही पुढची मजल गेली. बाबूराव मेस्त्री, ज्यांना आपण बाबूराव पेंटर म्हणून ओळखतो, आणि त्यांचे भाऊ आनंदराव हे पडदे रंगविणारे कलावंत. परदेशी कॅमेरा घेण्याइतका पैसा त्यांच्याजवळ नव्हता. म्हणून मुंबईच्या जुन्या बाजारातून प्रोजेक्टर आणायचा, त्याची अंतडी उकलून पाहायची आणि तेच तत्त्व उलटे फिरवून कॅमेरा घडवायचा, असा त्यांचा विचार. आनंदराव १९१६ साली वारले. बाबूरावांनी दामल्यांना हाताशी धरले आणि १९१८ च्या सुमारास यंत्रावर कातलेल्या भागांचा कॅमेरा तयार झाला. १९२० साली ‘सैरंध्री’ पुण्याच्या आर्यन थिएटरात लागला. मला विचाराल तर ‘असेंबल’ हा शब्द मराठीत यायच्या आधीच ती गोष्ट कोल्हापुरात होऊन गेली होती.

आमच्या बारामती-इंदापूरकडे सिनेमा आला तो तंबूतून. जत्रा भरली की ट्रक यायचा. पाठीवर तंबू, प्रोजेक्टर आणि जनरेटर. दिवसा ट्रकवरच्या कर्ण्यातून नटांची नावे पुकारली जायची आणि रात्री पोत्यावर बसून माणसे सिनेमा पाहायची. ते यंत्र म्हणजे जोडकामच. एका प्रोजेक्टरचे भिंग, दुसऱ्याचा मोटर, तिसऱ्याचा पट्टा. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी महाराष्ट्रातल्या या फिरत्या टॉकीजवर ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ नावाचा माहितीपट केला. २०१६ साली तो कान महोत्सवात गेला. रिळे संपून डिजिटल प्रोजेक्टर तंबूत शिरतो तो क्षण त्यात आहे. तो बघताना मला गलबलून आले.

पुढचे थोडक्यात सांगतो, कारण ते आपण सर्वांनी भोगले आहे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झाले, पुढच्या वर्षी सिंहगडावरून पुण्याला चित्र मिळू लागले. इंदापूर तालुक्यात ते पोहोचायचे म्हणजे बांबूवर ॲल्युमिनिअमची काटकी बांधायची आणि एकाने छपरावर उभे राहून ती फिरवायची. ‘आलं का?’ ‘आलं, गेलं!’ हा संवाद त्या काळी घराघरात चाले. १९८७ साली ‘रामायण’ लागले आणि ज्याच्या ओसरीत संच त्याची ओसरी सार्वजनिक झाली. मग भाड्याचा व्हीसीआर: वर्गणी काढून रात्रभरात तीन सिनेमे. मग व्हीसीडीच्या तबकड्या. एका तबकडीवर सव्वा तासाच्या आसपासच चित्र मावे, म्हणून नायिका रडता रडता मध्येच तबकडी बदलावी लागे.

या वंशावळीत पुण्यातला एक मोठा पूर्वज मी मुद्दाम घालतो. महासंगणक देण्यास अमेरिकेने आडकाठी घेतली, तेव्हा १९८८ साली पुण्यात सी-डॅक उभी राहिली. डॉ. विजय भटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक राक्षसी यंत्र घेण्याऐवजी बाजारात मिळणारे इंग्रजी बनावटीचे ट्रान्सप्युटर नावाचे छोटे मेंदू एकमेकांना जोडले. १९९१ साली ‘परम ८०००’ जगापुढे आला. भाग छोटे, जोडणी हुशारीची. पुणे जिल्ह्यातल्या माणसाने संगणक जुळवायला घेताना हे आठवावे.

आता माझे. मी मॅट्रिक झालेला मास्तर, चार कादंबऱ्या लिहिलेला. बारामतीत नोकरी, आणि आई इंदापूर तालुक्यात, उजनीच्या फुगवट्याजवळच्या गावी. तिला गुडघ्यांमुळे कुठे जाता येत नाही आणि मोबाइलचा पडदा तिला दिसत नाही. घरात माणसे चार आणि पडदे चार, प्रत्येकजण आपापल्या कोपऱ्यात, आणि आई भिंतीकडे बघत बसलेली. हे मला बघवेना. मर्यादा ठरविली: टीव्ही घरात आहे, बाकी सारे वीस हजारांच्या आत.

दुकानदार पहिल्यांदा मोठे ग्राफिक्स कार्ड दाखवितो. ते खेळणाऱ्यांसाठी, सिनेमाला प्रोसेसरच्या पोटातला चित्रविभाग पुरतो. पण कोणत्या प्रोसेसरच्या? इथेच फाळक्यांचा कॅमेरा आठवावा. आजचा चित्रपट फार घट्ट घडी घालून येतो. २०१३ साली प्रमाणित झालेली एच.२६५ नावाची घडी चौथ्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरला चित्रविभागाच्या बळावर नीट उलगडता येत नाही. मग सारा भार मुख्य मेंदूवर पडतो, पंखा घोंघावतो आणि चित्र अडखळते. सातव्या पिढीपासून ती घडी, तिच्या दहा-बिटी प्रकारासह, सहज सुटते. जुन्या बाजारात दोन्हींच्या किमतींत जो फरक पडतो, तो डोळे मिटून द्यावा. २०१८ ची एव्ही१ ही आणखी नवी घडी उलगडणारा चित्रविभाग इंटेलने अकराव्या पिढीपासून दिला. तो आमच्या आवाक्याबाहेरचा, म्हणून सोडला.

म्हणून एका कचेरीतून निघालेला सातव्या पिढीचा छोटा आय-फाइव्ह संगणक घेतला. रॅम आठ जीबी, पण एका पट्टीऐवजी चार-चारच्या दोन. चित्रविभाग तीच रॅम वापरतो आणि दोन पट्ट्यांनी त्याचा रस्ता रुंद होतो. एसएसडी २५६ जीबीची नवी घेतली, कारण जुन्या फिरत्या डिस्कची कुरकुर सिनेमातल्या शांततेत फार ऐकू येते. सिनेमे साठवायला मात्र घरातलीच जुनी डिस्क बाहेरून लावली. टीव्ही १०८० रेषांचा, तेव्हा महागाची एचडीएमआय केबल घेणे म्हणजे बैलगाडीला विमानाची चाके. लिनक्स आणि कोडी दोन्ही फुकट. टेबलाऐवजी मांडीवर ठेवता येईल असा बिनतारी कीबोर्ड. आणि यूपीएस, तो काटकसरीच्या यादीत कधी घालू नये. गावाकडे विजेचा दाब रात्री कुठे चढेल आणि कुठे बसेल याचा नेम नाही.

‘भाऊ, एवढ्यात नवा लॅपटॉप येतो की,’ असे मेहुणे म्हणाले. येतो, पण आई त्याच्यापुढे वाकून बसणार का?

गेल्या उन्हाळ्यात ते यंत्र गावी नेले. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्रा’ची उरलेली रिळे मी त्यावर उतरवून घेतली होती, ती लावली. नातवंडे पाच मिनिटांत कंटाळली, आई मात्र खुर्ची पुढे ओढून बसली. तारामती आली तशी ती म्हणाली, ‘‘बाई जरा आडदांडच हाय की रं.’’

मी म्हटले, ‘‘बाई नाही, आई. अण्णा साळुंके. हॉटेलात काम करणारा माणूस. तेव्हा सिनेमात काम करायला बाया मिळत नव्हत्या.’’

‘‘मग पुन्हा लाव,’’ आई म्हणाली, ‘‘आता नीट बघते.’’