माळावरचा रस्ता आणि काळीतला रस्ता : नांदेड-लातूरमधील सायकल मार्गांची निवड

सायकलसाठी मार्ग ठरवताना बहुतेक जण आधी अंतर पाहतात, मग डांबराची अवस्था विचारतात, आणि वाटेत पाहण्यासारखे काय आहे याची चौकशी करतात. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत सुरुवात दुसरीकडून करावी लागते. रस्ता कोणत्या मातीवरून जातो, हा इथला पहिला प्रश्न आहे. त्याचे उत्तर मिळाले की डांबर किती टिकलेले असेल, किती ओढे ओलांडावे लागतील, उसाचे ट्रॅक्टर भेटतील की नाही, सावली आणि पाणी कुठे मिळेल, याचा बराचसा अंदाज बांधता येतो. दोन खोऱ्यांमधल्या उंचवट्यावरून, मुरमाड माळावरून जाणारा रस्ता हा या भागातला सायकलीचा मुख्य मार्ग मानावा आणि नदीकाठचा काळीतला रस्ता गरजेपुरता त्याला जोडावा, असे माझे प्रतिपादन आहे.

आधी भूरचना पाहू. लातूर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६३० मीटर उंचीवर आहे, तर नांदेड सुमारे ३६० मीटरवर. अहमदपूर आणि लोह्यावरून जाणारे दोन्ही शहरांमधले अंतर साधारण १४० किलोमीटर. म्हणजे सरासरी उतार किलोमीटरला दोन मीटरही भरत नाही. ही सरासरी मात्र फसवी आहे. बालाघाटाचे पठार मांजरा, तेरणा, तावरजा, घरणी, मन्याड, तिरू, लेंडी अशा नद्यांनी आणि त्यांना मिळणाऱ्या असंख्य ओढ्यांनी चिरलेले आहे. रस्ता नद्यांच्या सोबतीने पाणलोटाच्या माथ्यावरून गेला, तर तो मैलोन्‌मैल जवळपास सपाट राहतो. तोच खोऱ्यांना आडवा गेला, तर प्रत्येक ओढ्यापाशी खाली उतरून पुन्हा वर चढावे लागते. तीस-पस्तीस मीटरचा एक चढ कुणालाही भारी वाटत नाही. पण शंभर किलोमीटरमध्ये तो वीस वेळा आला, तर एकूण चढाई सहाशे-सातशे मीटर होते, आणि ती एका चांगल्या घाटाइतकी दमवते. नकाशावरचे अंतर दोन्ही मार्गांचे सारखेच दिसते.

मातीचा प्रश्न याहून गंभीर आहे. बेसाल्टची झीज होऊन तयार झालेली काळी जमीन चिकण असते. पावसात ती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर बांधलेला रस्ताही दरवर्षी तिच्याबरोबर वरखाली होतो. त्यातही रस्त्याच्या मध्याखालची माती डांबराने झाकलेली असल्याने तिचा ओलावा फारसा बदलत नाही. कडांखालची माती मात्र भिजते आणि सुकते. त्यामुळे भेगा कडेने आणि रस्त्याच्या लांबीला समांतर पडतात. मोटारीला त्याचे काही वाटत नाही. सायकलस्वार मात्र नेमका त्याच कडेने चालत असतो, आणि अरुंद टायर अशा उभ्या भेगेत अडकला की हँडल वळत नाही. खड्डा दुरून दिसतो, ही भेग सकाळच्या तिरप्या सावलीत दिसतही नाही. म्हणून या भागात २५ मिलिमीटरचे टायर वापरू नयेत. ३२ किंवा त्याहून रुंद टायर, किंचित कमी हवेचे, हेच योग्य.

माळावर मुरूम असतो. तो पाणी धरून ठेवत नाही, फुगतही नाही. त्यामुळे माळावरचा साधा ग्रामीण रस्ताही दहा वर्षांनी बऱ्यापैकी एकसंध राहतो, तर काळीतल्या रस्त्याला तीन-चार पावसाळ्यांत लाटा येतात. माळाचे तोटेही आहेत. तिथे झाड विरळ, विहीर विरळ, वस्ती विरळ, आणि वाऱ्याला अडवणारे काही नाही. लातूर जिल्ह्याचे वनक्षेत्र एक टक्क्याहूनही कमी आहे. महामार्ग रुंद करताना कडेचे जुने वड, चिंचा आणि कडुनिंब गेले, तेव्हा उरलेली सावलीही गेली. हे नुकसान सायकलस्वाराइतके पायी जाणाऱ्या यात्रेकरूलाही सोसावे लागते, आणि त्याची भरपाई दुभाजकातल्या कण्हेरीने होत नाही.

रस्त्याचा दर्जा ओळखण्याची सोपी खूण म्हणजे किलोमीटरच्या दगडाचा रंग. पिवळे डोके राष्ट्रीय महामार्गाचे, हिरवे राज्य महामार्गाचे, काळे जिल्हा मार्गाचे, नारिंगी ग्रामीण रस्त्याचे. तुळजापूरहून औसा, लातूर परिसर, चाकूर, अहमदपूर, लोहा, नांदेड करत नागपूरकडे जाणारा ३६१ क्रमांकाचा महामार्ग आता बहुतांश चौपदरी आहे. अकोल्याहून हिंगोली, नांदेड, देगलूर करत संगारेड्डीकडे जाणारा १६१ हाही मोठ्या वाहतुकीचा. लांब पल्ल्याचे सायकलस्वार याच रस्त्यांना पसंती देतात. त्याचे एक कारण ब्रेव्हेची पद्धत. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत पूर्ण करण्याची ही शिस्त १९०४ मध्ये स्थापन झालेल्या ऑडॅक्स क्लब पॅरिझियनकडून जगभर पसरली आणि महाराष्ट्रातही चांगली रुजली. वेळ गाठायची असेल तर महामार्ग सोयीचा, हे मान्य. पण महामार्गावरून मराठवाडा दिसत नाही, दिसतात ते उड्डाणपूल आणि ढाबे. काळ्या आणि नारिंगी दगडांचे रस्ते हेच इथले खरे सायकलक्षेत्र आहे. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २००० साली सुरू झाल्यापासून अशा रस्त्यांचे जाळे बरेच वाढले आहे. शिवाय नव्या वळणरस्त्यांमुळे गावातून जाणारे जुन्या महामार्गाचे तुकडे मोकळे झाले आहेत, त्यांचाही उपयोग करावा.

यानंतर शेतीचे पंचांग. उत्तर फ्रान्समधल्या पिकार्डी आणि आर्त्वा या भागांशी इथले साम्य आश्चर्य वाटावे इतके आहे. तिथेही कुंपण नसलेली विस्तीर्ण शेते, एका जागी गोळा झालेली गावे आणि मधून जाणारे अरुंद जिल्हा रस्ते आहेत. शरद ऋतूत तिथे साखरेसाठी बीट निघते, ट्रॅक्टरांच्या चाकांबरोबर शेतातला चिखल डांबरावर येतो, आणि त्याची सूचना देणारे फलक कडेला लावले जातात. आपल्याकडे त्या जागी ऊस आहे. दिवाळीच्या सुमारास गळीत हंगाम सुरू झाला की मांजरा खोऱ्यातल्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रंदिवस चालतात. ट्रॉलीबाहेर आलेले ऊस बाजूच्याला लागतात, मागे दिवा असेलच असे नाही, आणि सांडलेल्या उसाचा चेंदा रस्त्यावर निसरडा होतो. म्हणून नोव्हेंबर ते मार्च या काळात, म्हणजे हवामान सर्वांत चांगले असते तेव्हाच, विलासनगरच्या मांजरा कारखान्यासारख्या कारखान्यांकडे जाणारे नदीकाठचे रस्ते टाळावेत आणि अंधार पडण्यापूर्वी मुक्काम गाठावा. माळावर ऊस नाही, तिथे सोयाबीन, तूर आणि हरभरा. सोयाबीनची काढणी सप्टेंबरच्या अखेरीपासून असते. तेव्हा शेतकरी डांबरावर रास पसरून वाळवतात. तिच्यावरून सायकल घालू नये, उतरून कडेने चालावे; ते वर्षाचे उत्पन्न आहे. बाभळी तोडून कुंपण घालण्याच्या दिवसांत काटे रस्त्यावर येतात, त्यामुळे दोन जादा ट्यूब हव्यातच.

वारा आणि ऊन यांचा हिशेब थोडक्यात सांगता येतो. हिवाळ्यात वारा बहुधा पूर्वेकडून किंवा ईशान्येकडून, हलका असतो आणि दहानंतर वाढतो. जून-जुलैत तो पश्चिमेकडून जोरात येतो. जाताना वाऱ्याला तोंड द्यावे आणि परतताना तो पाठीशी घ्यावा, म्हणजे हिवाळ्यात आधी पूर्वेला निघावे, हा सर्वसाधारण नियम. पण पहाटे पूर्वेला निघाल्यास मागून येणाऱ्या चालकाच्या डोळ्यांत उगवता सूर्य असतो आणि त्याला पुढची सायकल दिसत नाही. या दोहोंत सुरक्षितता वरचढ मानून पहिला तास दक्षिणेला किंवा उत्तरेला जावे. लातूरहून औसा आणि रेणापूर, नांदेडहून अर्धापूर या दिशा त्या दृष्टीने योग्य ठरतात. मे महिन्यात पारा ४२ अंशांवर जातो. तेव्हा दहाच्या आत घरी असावे.

हे निकष लावले की औसा–निलंगा परिसर सर्वांत वर येतो. मांजरा आणि तेरणा या खोऱ्यांमधला हा उंचवटा. औशाचा भुईकोट किल्ला मागे टाकून खरोशाकडे निघाले की दोन्ही बाजूंना जमीन उतरत गेलेली दिसते आणि रस्ता मात्र फारसा उतरत नाही. खरोशाच्या टेकडीतली लेणी हा स्वाभाविक विसावा. तिथून निलंग्याला जावे. निलंगा राईस ही इथली न्याहारी लांब पल्ल्यासाठी कोणत्याही पाकीटबंद खाण्यापेक्षा सरस आहे, हे अनुभवावे. किंवा दक्षिणेला किल्लारीकडे वळावे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपात इथली हजारो माणसे गेली. त्यानंतर ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. त्यांचे रस्ते सरळ आणि रुंद, घरे सुटी, आणि जुन्या गावांच्या जागा आजही वेगळ्या ओळखू येतात. एकाच नावाची दोन ठिकाणे असल्याने वाट विचारताना ‘जुने की नवे’ हे सांगावे लागते. किल्लारीहून तेरणा ओलांडून सास्तूर, आणि पुढे माकणीचे निम्न तेरणा धरण, असा हा मार्ग धाराशिव जिल्ह्यात शिरतो.

नांदेडहून निघणाऱ्यासाठी विष्णुपुरी, लोहा, कंधार आणि उस्माननगरमार्गे परत, हे नव्वद ते शंभर किलोमीटरचे वर्तुळ मी सुचवेन. गोदावरीकाठची काळी इथे लवकर संपते आणि बालाघाटाचे फाटे सुरू होतात. कंधारचा खंदकाचा किल्ला आणि राष्ट्रकूटकालीन जगत्तुंग समुद्र हा तलाव बारकाईने पाहण्यासारखे आहेत. मार्गशीर्षात माळेगावच्या खंडोबाची यात्रा असते, तेव्हा लोह्यापुढचा रस्ता सायकलीसाठी नसतो. उदगीर–देगलूर हा तिसरा मार्ग. उदगीरच्या पठारावरून पूर्वेला उतरताना देगलूर-बिलोलीच्या बाजूला बेसाल्ट संपून ग्रॅनाइट लागतो, माती रेताड होते आणि रस्त्याची कड अचानक शाबूत दिसू लागते. मातीच्या निकषाचा याहून चांगला पुरावा शोधावा लागणार नाही. देगलूरजवळ होट्टलची चालुक्यकालीन मंदिरे आहेत. माहूरचा मार्ग वेगळ्या जातीचा, सागवान आणि घाटांचा. तो किनवट भागात मुक्काम करूनच करावा.

पाण्याविषयी बेफिकीर राहू नये. ज्या लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या जिल्ह्यातल्या गावात फुकट पाण्याची अपेक्षा धरणे बरे नव्हे. दोन बाटल्या भरून निघावे, जारचे पाणी विकत घ्यावे, आणि टपरीवर सुशीला, म्हणजे फोडणीचे मुरमुरे, खाल्ल्यावर तिथेच बाटली भरून द्याल का, असे विचारावे. कुणी नाही म्हणत नाही.

राहिला प्रश्न वाट सापडण्याचा. माळावरचे रस्ते चांगले असूनही बाहेरच्या माणसाला ते कळत नाहीत, कारण फाट्यांवरचे फलक पुसलेले किंवा नसलेलेच असतात. बेल्जियममधल्या लिम्बुर्ग प्रांताने १९९५ च्या सुमारास प्रत्येक चौकाला क्रमांक देऊन हा प्रश्न सोडवला: स्वार फक्त आकड्यांची यादी लक्षात ठेवतो. ती पद्धत पुढे सीमेपलीकडे उत्तर फ्रान्समध्येही आली. तिच्यासाठी नवा रस्ता बांधावा लागत नाही. आपल्याकडे प्रत्येक गावाला फाटा किंवा पाटी आहेच. तिथल्या दगडावर एक आकडा आणि पुढच्या दोन फाट्यांचे आकडे रंगवले की काम होते. लातूर आणि नांदेडच्या जिल्हा परिषदांनी, आणि त्यांच्या मागे लागण्यासाठी दोन्ही शहरांतल्या सायकलस्वारांनी, औसा–निलंगा आणि लोहा–कंधार या दोन पट्ट्यांपासून येत्या हिवाळ्याआधी ही सुरुवात करावी.