चालती डिझेल गाडी अचानक बंद पडली, परत सुरूच होईना? आधी हे दोन प्रश्न स्वतःला विचारा

हायवेला गाडी मस्त ऐंशीच्या स्पीडने चालली आहे. अचानक मीटरवरचे लाइट पेटतात, अ‍ॅक्सिलरेटर दाबून काही उपयोग होत नाही आणि इंजिन बंद. तुम्ही कशीबशी गाडी कडेला घेता आणि सेल्फ मारता. इंजिन फिरतं, पण सुरू होत नाही. मग दुसऱ्यांदा सेल्फ, तिसऱ्यांदा, दहाव्यांदा.

नेमका इथेच खर्च वाढतो. कारण काही बिघाडांत गाडी बंद पडली तेव्हा नुकसान थोडंच झालेलं असतं, पुढचं नुकसान आपण सेल्फ मारून करून घेतो. म्हणून चावी परत फिरवण्याआधी दोन प्रश्न विचारायचे. गाडी बंद कशी पडली? आणि सेल्फ मारल्यावर आवाज कसा आला? निम्मं निदान तर इथेच होतं.

पण त्याआधी जीव महत्त्वाचा.

इंजिन बंद पडलं, गाडी अजून पळतेय. काय करायचं?

इंजिन बंद झालं की पॉवर स्टीअरिंग जड होतं. ब्रेक मात्र लगेच जात नाहीत. बूस्टरमध्ये उरलेल्या व्हॅक्यूमवर ते एक-दोनदा नीट लागतात, त्यानंतर पेडल दगडासारखं कडक होतं. म्हणून ब्रेक सारखा दाबून सोडू नका, एकदाच सलग दाबा. गाडी पूर्ण थांबेपर्यंत चावी काढू नका, नाहीतर स्टीअरिंग लॉक होऊ शकतं. पार्किंग लाइट लावा, मागे रिफ्लेक्टरचा त्रिकोण ठेवा आणि सगळ्यांनी उतरून बॅरिअरच्या पलीकडे उभं राहा. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ हा हेल्पलाइन नंबर आहे.

डिझेल इंजिनला चालायला लागतं काय?

पेट्रोल इंजिनसारखा यात स्पार्क प्लग नसतो. सिलिंडरमधली हवा दाबून साधारण सोळाव्या-अठराव्या हिश्श्यावर आणली जाते. त्यामुळे ती ५०० अंशांच्या वर तापते, त्यात डिझेलचा फवारा मारला की ते आपोआप पेटतं.

म्हणजे गरज तीनच गोष्टींची आहे. दाबलेली हवा, पुरेशा दाबाचं डिझेल आणि ते कधी सोडायचं हे सांगणारा ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर. गाडी बंद पडली म्हणजे या तिघांपैकी एक गेलं.

यात डिझेलच्या दाबाचा आकडा लक्षात ठेवा. आपल्या गाडीच्या टायरमध्ये सव्वादोन बारच्या आसपास हवा असते. आताच्या कॉमन रेल डिझेल इंजिनात उभ्या गाडीतही २५०-३०० बार दाब असतो आणि लोड आला की तो १६०० बारच्या वर जातो.

आणखी एक गोष्ट. बरेच जण लगेच ग्लो प्लगवर संशय घेतात. पण ग्लो प्लगचं मुख्य काम थंड इंजिन सुरू करताना असतं. तापलेलं इंजिन चालता चालता बंद पडलं असेल, तर तो सहसा दोषी नसतो.

पहिला प्रश्न : गाडी बंद कशी पडली?

बटण दाबल्यासारखी एका क्षणात बंद : संशय विजेवर किंवा टायमिंग बेल्टवर. क्रँक सेन्सर, फ्यूज, रिले, वायरिंग हे नेहमीचे आरोपी. क्रँक सेन्सर इंजिन किती फिरलं हे ईसीयूला सांगतो. तो सिग्नल गेला की ईसीयू डिझेल सोडणं थांबवतो. हा सेन्सर बिघडताना अनेकदा तापल्यावर दगा देतो. गाडी बंद पडते, अर्ध्या तासाने थंड झाल्यावर जणू काही झालंच नाही अशी सुरू होते, आणि पुन्हा तापली की बंद.

गचके खात, पिकअप जात जात बंद : संशय डिझेलच्या पुरवठ्यावर. चोंदलेला फिल्टर, डिझेलमधलं पाणी, पाइपमध्ये शिरलेली हवा, टाकीतला किंवा हाय प्रेशर पंप. आणि हो, टाकी खरंच रिकामी नाही ना, हेही बघा. काटा अडकूनही खोटं दाखवतो.

पंपावरून निघाल्यावर काही किलोमीटरमध्ये बंद : बिल काढून बघा. डिझेलऐवजी पेट्रोल भरलं गेलं असेल, तर एकही सेल्फ मारू नका. हाय प्रेशर पंपाला वंगण डिझेलचंच मिळतं. पेट्रोल ते वंगण धुऊन टाकतं, पंप आतून घासतो आणि धातूचा चुरा थेट इंजेक्टरपर्यंत जातो. वेळीच थांबलात तर अनेकदा टाकी आणि लाइन साफ करून भागतं. नाहीतर पंप, रेल, इंजेक्टर सगळंच बदलायची वेळ येऊ शकते.

साचलेल्या पाण्यातून जाताना बंद : इथेही सेल्फ नको. हवेच्या वाटेने पाणी सिलिंडरमध्ये गेलेलं असू शकतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. जबरदस्तीने इंजिन फिरवलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. मुंबईत गाडी चालवणाऱ्याला हा धोका वेगळा सांगायला नको. असं इंजिनचं नुकसान साध्या विमा पॉलिसीत बहुतेक वेळा धरलं जात नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर घ्यावं लागतं.

दुसरा प्रश्न : सेल्फचा आवाज कसा येतो?

वरचे दोन धोके नसतील, तर एकदाच, पाच-सात सेकंद सेल्फ मारा आणि कान देऊन ऐका.

नुसतं टक-टक किंवा काहीच नाही : बॅटरी, सैल टर्मिनल किंवा स्टार्टर. चालताना बॅटरीचा लाल दिवा लागला होता का, ते आठवा. अल्टरनेटर गेला असेल तर बॅटरी चालता चालता संपते.

ठक् करून अडकतं : आत पाणी आहे किंवा इंजिन जाम झालंय. थांबा.

नेहमीपेक्षा हलकं, भराभर, एकसुरी फिरतं : ही वाईट खूण आहे. नेहमीच्या आवाजात हवा दाबली जाण्याचा ठेका असतो. तो ठेका गेला, तर टायमिंग बेल्ट तुटला किंवा सरकला असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी पिस्टन आणि व्हॉल्व एकमेकांवर आदळतात. पुन्हा सेल्फ नको, धक्का स्टार्ट तर अजिबात नको.

तुमच्या इंजिनात बेल्ट आहे की चेन, हे आजच माहीत करून घ्या. मारुती स्विफ्ट, टाटा इंडिका व्हिस्टा, फियाट पुंटो अशा कितीतरी गाड्यांत आलेलं फियाटचं १.३ लिटरचं डिझेल इंजिन चेनवर चालतं. ज्यात बेल्ट आहे, त्यात तो किलोमीटर किंवा वर्षं, जे आधी पूर्ण होईल त्यावर बदलावा लागतो.

अगदी नेहमीसारखं फिरतं, फक्त पेटत नाही : डिझेल पोहोचत नाही किंवा ईसीयू हुकूम देत नाही. आता मीटरकडे बघा.

मीटरवर काय दिसतंय?

सेल्फ मारताना आरपीएमचा काटा जरासाही हलत नसेल, तर अनेक गाड्यांत ती क्रँक सेन्सरची खूण असते. चावीचा किंवा कुलपाचा दिवा लुकलुकत असेल, तर इमोबिलायझरला चावी ओळखता येत नाहीये. दुसरी चावी लावून बघा. फिल्टरमध्ये पाणी असल्याचा दिवा लागला असेल, तर फिल्टरमधलं पाणी काढावं लागेल.

बीएस-६ गाडीत डीईएफ म्हणजे युरियाचं द्रावण लागत असेल, तर ती टाकी बघा. ते संपलं म्हणून चालती गाडी बंद पडत नाही. पण आधी किलोमीटर मोजत इशारे येतात आणि एकदा इंजिन बंद केलं की ते परत सुरू होत नाही.

गॅरेजमध्ये काय तपासून घ्यायचं?

स्कॅनर लावल्यावर कोड मिळतो. पी०३३५ म्हणजे क्रँक सेन्सरचं सर्किट, पी००८७ म्हणजे रेलमध्ये दाब कमी. पण कोड आला म्हणजे तोच पार्ट गेला असं नाही. पी००८७ चोंदलेल्या फिल्टरनेही येतो आणि घासलेल्या पंपानेही. म्हणून सेल्फ मारताना रेलचा दाब किती चढतो, हे स्कॅनरवर दाखवायला सांगा. बहुतेक गाड्यांत तो २०० बारच्या आसपास पोहोचल्याशिवाय ईसीयू डिझेल सोडत नाही.

दाब चढत नसेल तर क्रमाने जा. आधी फिल्टर आणि पाइपमधली हवा, मग टाकीतला पंप, मग इंजेक्टरची रिटर्न टेस्ट. एखादा इंजेक्टर डिझेल जास्तच परत पाठवत असेल, तर दाब तिथूनच निसटतो. महागडा हाय प्रेशर पंप बदलायचा विचार सगळ्यात शेवटी.

हे मात्र करू नका

जुन्या ट्रॅक्टर-टेम्पोची हवा काढायला इंजेक्टरचा नट सैल करतात, तसं कॉमन रेल गाडीत कधीच करू नका. त्या दाबाचा बारीक फवारा कातडी भेदून आत जातो. जखम सुईच्या टोकाएवढी दिसते, पण लगेच ऑपरेशन झालं नाही तर बोट किंवा हात गमवावा लागू शकतो. हवेच्या पाइपात स्टार्टिंग स्प्रे मारणंही टाळा. तापलेल्या ग्लो प्लगमुळे तो भलत्याच वेळी पेटू शकतो.

आणि एक सोपं काम करा. तो एक सेल्फ मारताना मोबाइलवर व्हिडिओ काढा. मीटर दिसू द्या, आवाज येऊ द्या. ‘गाडी बंद पडलीय’ एवढंच फोनवर सांगण्यापेक्षा तो व्हिडिओ पाठवला, तर मेकॅनिकला येताना नेमकं काय सोबत आणायचं, की थेट टोइंग व्हॅनच पाठवायची, हे आधीच ठरवता येतं.