बबलगम संगीत व एकल ध्वनिमुद्रिका

बबलगम संगीत : अमेरिकेत १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस उदयास आलेला, प्रामुख्याने शाळकरी मुलामुलींसाठी निर्माण केलेला पॉप संगीताचा एक प्रकार. चघळून फुगा फुगवावयाच्या गोड बबलगमवरून त्यास हे नाव मिळाले. गोडी सरताच बबलगम टाकून द्यावयाचे, तद्वत हे गीतही काही आठवडे ऐकून विसरावयाचे, असा उपहास या नावात अभिप्रेत होता. तथापि त्या पिढीच्या स्मरणरंजनात या गीतांना कायमचे स्थान मिळाले. हे कसे घडले, हे समजून घेण्यासाठी ती ज्या सात इंची तबकडीतून घरोघर पोहोचली, तिचा इतिहास प्रथम पाहावा लागतो.

एकल ध्वनिमुद्रिका : १९४८ पर्यंत लाखेच्या मिश्रणापासून बनविलेल्या व मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकड्या सर्वत्र प्रचलित होत्या. त्या जड व ठिसूळ असत. १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने मिनिटाला ३३ १/३ फेरे घेणारी व्हिनिल प्लास्टिकची दीर्घवादन (एल्. पी.) ध्वनिमुद्रिका बाजारात आणली. तिला उत्तर म्हणून आर्‌सीए व्हिक्टर कंपनीने १९४९ मध्ये मिनिटाला ४५ फेरे घेणारी सात इंची (सु. १८ सेंमी.) तबकडी प्रसृत केली. तिच्या मध्यभागी सु. ३८ मिमी. व्यासाचे मोठे छिद्र असे. आरंभी संगीतप्रकारांनुसार तबकड्यांना निरनिराळे रंग देण्यात आले होते व बालगीतांसाठी पिवळा रंग राखून ठेवला होता. ही तबकडी हलकी व सहसा न फुटणारी होती. तिच्या प्रत्येक बाजूस सर्वसाधारणपणे एकच गीत असल्याने तिला ‘सिंगल’ म्हणजे एकल ध्वनिमुद्रिका म्हणू लागले. नाणे टाकून गीत ऐकविणाऱ्या ज्यूकबॉक्स यंत्रांतही १९५० पासून तिचा वापर सुरू झाला. १९६० नंतरच्या दशकात तिची किंमत एका डॉलरहून कमी असे. त्यामुळे खाऊच्या पैशांतून मुलास स्वतःच्या आवडीने विकत घेता येईल, अशी ती बहुधा पहिलीच संगीतवस्तू ठरली.

उदय व स्वरूप : बीटल्सप्रभृती वाद्यवृंदांचे संगीत १९६६ नंतर अधिक गंभीर व प्रयोगशील होत गेले आणि त्यांचा भर दीर्घवादन ध्वनिमुद्रिकांकडे वळला. एकल ध्वनिमुद्रिका विकत घेणारा लहान वयाचा श्रोता त्यामुळे काहीसा उपेक्षित राहिला. ही उणीव जेरी कॅसनेट्झ व जेफ्री कॅट्झ या निर्मात्यांनी आणि बुड्डा रेकॉर्ड्स या कंपनीचे नील बोगार्ट यांनी हेरली. ‘१९१० फ्रूटगम कंपनी’चे ‘सायमन सेज’ व ‘ओहायओ एक्सप्रेस’चे ‘यमी यमी यमी’ ही १९६८ मधील गीते या प्रकाराची ठळक उदाहरणे होत. मोजके स्वरसंघात, ठसठशीत ताल, वारंवार येणारे ध्रुवपद आणि मुलांचे खेळ वा मिठाई यांवरून घेतलेली शब्दकळा, ही त्यांची वैशिष्ट्ये होत.

ही गीते पुष्कळदा व्यवसायी गीतकार व स्टुडिओतील गायकवादक तयार करीत. वाद्यवृंदाचे नाव हे केवळ व्यापारी चिन्ह असे. ‘यमी यमी यमी’ मधील आवाज जोई लेव्हीन या गीतकार-गायकाचा असून त्या नावाने कार्यक्रम करीत हिंडणारा वाद्यवृंद वेगळाच होता.

आर्चीज : या पद्धतीची परिणती ‘आर्चीज’ या वाद्यवृंदात झाली. डॉन कर्शनर हे ‘मंकीज’ या दूरचित्रवाणी मालिकेसाठी जमविलेल्या वाद्यवृंदाचे संगीत पाहत. परंतु आपली वाद्ये आपणच वाजविण्याचा आग्रह त्या तरुणांनी धरला व १९६७ मध्ये कर्शनर यांना दूर व्हावे लागले. त्यानंतर त्यांनी १९४१ पासून प्रसिद्ध होत असलेल्या आर्ची चित्रकथांमधील पात्रांचा वाद्यवृंद उभा केला. १९६८ मध्ये सुरू झालेल्या व्यंगपटमालिकेतील ही पात्रे निर्मात्याशी वाद घालणे शक्यच नव्हते. जेफ बॅरी व अँडी किम यांनी रचलेले त्यांचे ‘शुगर, शुगर’ हे गीत १९६९ मध्ये अमेरिकेत चार, तर ब्रिटनमध्ये आठ आठवडे अग्रस्थानी राहिले. ते गाणारे रॉन डँटी यांचाच आवाज त्याच सुमारास ‘कफ लिंक्स’ या दुसऱ्या नावाखाली ‘ट्रेसी’ या गीतातूनही गाजत होता; श्रोत्यांना मात्र त्याची कल्पना नव्हती. आर्चीजची काही गीते न्याहारीच्या धान्यपदार्थांच्या खोक्यांवर पुठ्ठ्याच्या तबकड्या छापूनही वितरित झाली. त्या कापून घेऊन वाजविता येत.

टीका व पुनर्मूल्यमापन : व्हिएटनाम युद्ध व विद्यार्थिचळवळी यांच्या त्या काळात हे संगीत समीक्षकांना बालिश व कृत्रिम वाटले. १९७२ च्या सुमारास त्याची लाट ओसरली. पुढे मात्र मतांतर घडून आले. रामोन्ससारख्या पंक वाद्यवृंदाने त्यातील आटोपशीरपणाचे ऋण मानले व ‘१९१० फ्रूटगम कंपनी’चे एक गीत स्वतः ध्वनिमुद्रित केले. विल्सन पिकेट या कृष्णवर्णीय सोल गायकाने १९७० मध्येच ‘शुगर, शुगर’ आपल्या ढंगात गायिले होते. गीताची मूळ घडण भक्कम असल्याचेच हे निदर्शक होय.

स्मरणरंजन : १९७० नंतरच्या दशकात जुनी गीते ऐकविणारी नभोवाणी केंद्रे अमेरिकेत स्थिरावली. ध्वनिफीत व पुढे कॉम्पॅक्ट डिस्क आल्यावर एकल तबकडी मागे पडली. तबकडीरूपाने स्वतंत्रपणे न विकलेल्या गीतांनाही ‘बिलबोर्ड’ नियतकालिकाच्या प्रमुख क्रमवारीत १९९८ च्या अखेरीपासून प्रवेश मिळाला. भारतात सात इंची तबकडी प्रामुख्याने चार गीतांच्या ‘ई. पी.’ रूपात रूढ होती. तीवरून चित्रपटगीते व मराठी भावगीते ऐकलेल्या पिढीलाही हाच अनुभव परिचित आहे. आर्ची चित्रकथांची येथील आठवण २०२३ च्या ‘द आर्चीज’ या हिंदी चित्रपटात उमटली.

तबकडी हाताळताना वेष्टन, लेबलाचा रंग, सुईची खरखर व ठराविक जागी पडलेला ओरखडा यांची स्मृती गीताशी एकजीव होते. म्हणूनच गीत कृत्रिम असले, तरी त्याशी निगडित बालपण खरे असते; ‘शुगर, शुगर’ ऐकणाऱ्याला आर्चीज खरोखरीच होते की नाही, हा प्रश्न पडत नाही. तथापि या आपुलकीत निनावी गायकवादकांचे श्रेय झाकले जाते. अभ्यासक व संग्राहक यांनी लेबलांवर न छापलेली ही नावे चिकाटीने शोधली; २००१ मध्ये या संगीतप्रकारावर स्वतंत्र ग्रंथही प्रसिद्ध झाला. २०२२ मध्ये अमेरिकेत व्हिनिल ध्वनिमुद्रिकांची विक्री १९८७ नंतर प्रथमच कॉम्पॅक्ट डिस्कच्या नगसंख्येहून अधिक झाली. हे पुनरुज्जीवन मुख्यतः दीर्घवादन ध्वनिमुद्रिकांचे आहे. बबलगम संगीताच्या एकल तबकड्या मात्र बहुधा जुन्या बाजारातूनच नव्या हाती जातात.