आधी गोष्ट, मग पुस्तक

माझ्या वर्गातला एक मुलगा पुस्तक उघडले की जांभया देई. वय अवघे सात. पण जणू तीस वर्षे कारकुनी केल्यासारखा त्याला अक्षरांचा वीट! या पोराचे करावे काय, या विवंचनेत मी जाऊन पोहोचले ती थेट भावनगरला. (पुस्तकांतून, हे काय सांगायला हवे? मास्तरणीचा प्रवास बहुधा तसाच.)

भावनगरचे गिजुभाई बधेका मूळचे वकील. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाचा विचार करता करता वकिली मागे पडली आणि १९२० साली दक्षिणामूर्ती संस्थेत त्यांनी बालमंदिर काढले. पद्धत माँटेसरीबाईंची, परंतु त्या बाईंना लहानग्यांसाठी अद्भुत कथा रुचत नसत. गिजुभाईंनी मात्र आजीबाईच्या गोष्टीला मानाचा पाट दिला! गोष्ट कशी सांगावी याचे त्यांनी शास्त्रच लिहिले. त्यांच्या ‘दिवास्वप्न’मधला कल्पित शिक्षक पहिल्या दिवशी चौथीच्या दंगेखोर वर्गापुढे सपशेल हरतो. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सुरू करतो, आणि वर्ग चिडीचूप. पुढे वर्गातच वाचनालय उभे राहते. हा क्रम मला मोलाचा वाटतो. आधी कानाला चटक, मग डोळ्यांना काम.

त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक पुढे महाराष्ट्रात आल्या. १९४५ साली बोर्डीला अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. आदिवासींची मुले बालवाडीत येईनात, तेव्हा या बायांनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली.

हे वाचताना मला माझेच एक पाप आठवले. फार वर्षांपूर्वी एक मुलगी तोंडपाठ गोष्टीवर बोट फिरवीत ‘वाचत’ होती. मी म्हटले, “हे वाचणे नव्हे, पाठांतर आहे.” तिने पुस्तक मिटले. वाचनाची पहिली पायरी नेमकी तीच होती, हे मला तेव्हा कुठे ठाऊक!

या खेपेला मी गोष्ट निम्म्यावर सोडली आणि पुस्तक टेबलावर उघडे ठेवले. मधल्या सुट्टीत पाहते तो आमचे जांभईदास पुस्तकावर ओणवे! बोट मागे, तोंड पुढे. मी गप्प राहिले. एका शब्दाशी बोट अडले. त्याने तो दोनदा लावून पाहिला आणि माझ्याकडे वळून रागाने म्हणाला, “बाई, तुम्ही कोल्हा सांगितलात. इथे तर लांडगा आहे!”