पुढच्या डंखाचे भाकीत

मधमाशी किंवा गांधीलमाशी डसली की कुणाच्या अंगभर गांधी उठतात, घसा आवळतो, रक्तदाब उतरतो. यातून वाचलेला माणूस डॉक्टरांना हमखास विचारतो, ‘‘पुन्हा डसली तर?’’ प्रश्न साधा. पण त्याने वैद्यकशास्त्राला जवळजवळ पन्नास वर्षे चकवले, असे मी म्हणेन.

१९३० पासून अमेरिकेत अख्ख्या माश्यांच्या अर्काची इंजेक्शने देऊ लागले. थोडीथोडी मात्रा वाढवत शरीराला सवय लावायची, ही कल्पना. इंजेक्शने घेतलेल्या अनेकांना पुढे माशी डसली आणि काहीच झाले नाही. झाले, औषध लागू पडले! न्यूयॉर्कच्या डॉ. मेरी लव्हलेस यांना मात्र हे पटेना. वावडे विषाचे, मग माशीचे पाय-पंख कशाला टोचायचे? त्यांनी गांधीलमाश्यांच्या विषाच्या पिशव्या स्वतः काढल्या, त्या विषाने उपचार केले आणि गुण आला का हे पाहायला रुग्णांना जिवंत माशीचा डंख देवविला! १९५० च्या दशकात हे प्रसिद्धही झाले. पण फारसे कुणी मनावर घेतले नाही.

१९७८ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधील डॉक्टरांनी याचा छडा लावला. पूर्वी त्रास झालेले आणि त्वचेच्या चाचणीतही वावडे दिसलेले रुग्ण घेऊन त्यांनी वीस-वीसचे तीन गट केले. एकाला शुद्ध विष, दुसऱ्याला जुना अर्क, तिसऱ्याला नुसतेच लुटुपुटीचे औषध. सहा ते दहा आठवड्यांनी देखरेखीखाली डंख. विष घेतलेल्या १८ पैकी एकालाच त्रास झाला. अर्क घेतलेल्या ११ पैकी सात जणांना, आणि लुटुपुटीच्या औषधावरच्या १२ पैकीही सात जणांना!

अर्काचे बिंग फुटले. १९७९ मध्ये अमेरिकेत विषाच्या उपचाराला परवानगी मिळाली. माझी नजर मात्र खिळते ती उरलेल्या पाच जणांवर. औषध नाही, वावडे सिद्ध झालेले, तरी डंख पचला. अर्काला इतकी वर्षे यश मिळाले ते अशाच माणसांच्या जिवावर.

हे पाच कोण, हे आधी कसे ओळखायचे? त्वचेची चाचणी वावडे दाखवते, पुढचा त्रास किती होईल ते नाही. पूर्वीचा त्रास कसा होता, याचा अधिक उपयोग होतो. ज्या मुलांच्या फक्त अंगावर गांधी उठल्या होत्या, त्यांच्यात पुढच्या डंखाला साधारण दहांत एकालाच पुन्हा त्रास होतो. बेशुद्ध पडलेल्या प्रौढाला धोका कितीतरी मोठा. अलीकडे रक्तातले ट्रिप्टेजही मोजतात. एरवीही ते वाढलेले असेल, तर पुढचा झटका तीव्र असण्याची भीती अधिक.