पिष्टप्रधान अल्पस्निग्ध वनस्पत्याहार

भात, भाकरी, बटाटे, रताळी, डाळी-कडधान्ये अशा पिष्टमय अन्नावर पोट भरायचे, जोडीला भाज्या-फळे घ्यायची आणि मांस-मासे, अंडी, दूध-तुपाबरोबर तेलही सोडायचे, अशी ही वजन घटवण्याची आहारपद्धती. एकूण उष्मांकांत स्निग्धांचा वाटा १० टक्क्यांच्या आसपास ठेवतात. वाटी-चमचा मोजण्याची सक्ती नाही. भूक लागेल तेव्हा पोटभर जेवायची मुभा, हे तिचे खरे आकर्षण. नुसते व्हीगन असणे, म्हणजे प्राणिजन्य काही न खाणे, मात्र पुरत नाही. वडापाव बहुधा व्हीगनच असतो, पण तो कढईतून निघतो.

अमेरिकेत वॉल्टर केम्पनर यांनी १९३९ पासून ड्यूक विद्यापीठात मूत्रपिंडविकार व उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना भात आणि फळांवर ठेवले. जॉन मॅक्डूगल (१९४७–२०२४) १९७० च्या दशकात हवाईतल्या उसाच्या मळ्यावर डॉक्टर होते. आशियातून आलेले, भातावर वाढलेले म्हातारे मजूर सडपातळ, तर अमेरिकी खाण्याला सरावलेली त्यांची मुले-नातवंडे स्थूल आणि आजारी, हे त्यांनी तिथे पाहिले. २०१२ च्या ‘द स्टार्च सोल्यूशन’ या पुस्तकाने त्यांची पद्धत सर्वदूर नेली. महाराष्ट्रात साध्या, बेतशीर आहाराची परंपरा उरुळी कांचनच्या निसर्गोपचार आश्रमात १९४६ पासून आहे. पण तिथे मणिभाई देसाईंनी गोपालनाचे मोठे काम उभे केले. दुधाशी वैर नव्हते. अलीकडे घराघरांत पोहोचलेले ‘दीक्षित डाएट’ निराळे. श्रीकांत जिचकार यांच्या विचारावर आधारलेल्या त्या पद्धतीत भर आहे किती वेळा खावे यावर, इथे काय खावे यावर.

वजन का उतरते, यात गूढ काही नाही. एक ग्रॅम स्निग्धात ९ किलोकॅलरी, पिष्टात ४. पोह्यांच्या फोडणीत दोन मोठे चमचे तेल पडले की सुमारे २४० किलोकॅलरी झाल्या. मध्यम आकाराच्या ज्वारीच्या भाकरीत त्याहून कमी असतात, आणि भाकरीने पोट भरते. सिडनी विद्यापीठातील सुझॅना होल्ट यांच्या १९९५ च्या तृप्ती-निर्देशांकात पांढऱ्या पावाला १०० धरले, तर उकडलेल्या बटाट्याला ३२३ गुण मिळाले, यादीतले सर्वांत जास्त. अमेरिकी संशोधक केव्हिन हॉल यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २० जणांना कमी स्निग्धांच्या वनस्पत्याहारावर आणि प्राणिजन्य, अगदी कमी कर्बोदकांच्या कीटो आहारावर दोन-दोन आठवडे ठेवले होते. वनस्पत्याहारावर असताना लोक आपणहून दिवसाला सुमारे ६९० किलोकॅलरी कमी खात होते. प्रयोग छोटा आणि अल्पकाळचा, हे मात्र ध्यानात ठेवावे.

पिंपरी-चिंचवड ते चाकण या कारखान्यांच्या पट्ट्यात या आहाराचा कच्चा माल दाराशी आहे. चाकणचा बाजार कांदा-बटाट्यासाठीच प्रसिद्ध. आंबेगाव तालुक्यातले सातगाव पठार बटाट्याचे, मावळ इंद्रायणी तांदळाचे. भाकरी, कांदा, ठेचा आणि पातळ कालवण हे इथल्या शेतकऱ्याचे जुने जेवण या पद्धतीच्या बरेच जवळ जाते. अडचण येते ती मेसच्या तर्रीदार भाजीत, शिफ्ट सुटल्यावर नाक्यावर घेतलेल्या मिसळीत आणि पहाटेपर्यंतच्या थर्ड शिफ्टमध्ये चहासोबत जाणाऱ्या खारी-बिस्किटांत. १९४८ च्या कारखाने कायद्याने २५० हून अधिक कामगारांच्या कारखान्यांत कँटीन आणले, पण कढईत तेल किती हे आचारीच ठरवतो. तिथे साधा भात, वरण आणि कोशिंबीर घ्यावी, भाजी डब्यातून न्यावी, हा व्यवहार्य मार्ग.

घरी खरी परीक्षा घेतो तो शेंगदाण्याचा कूट. शंभर ग्रॅम दाण्यांत जवळजवळ निम्मे वजन स्निग्धांचे. भरली वांगी, कोशिंबीर, साबुदाण्याची खिचडी, सगळीकडे तो असतोच, आणि तेल सोडणाऱ्याला तो ‘तेल’ वाटत नाही. फोडणीवाचून अडत नाही: जाड बुडाच्या कढईत मोहरी-जिरे कोरडे तडतडू द्यावेत, कांदा घालून पाण्याचे हबके देत परतावा, हळद-तिखट शेवटी. चव वेगळी लागते. तशीच लागते असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

वजनकाट्यावर मात्र भिस्त ठेवता येत नाही, आणि हे पुण्यातच दाखवले गेले. केईएम रुग्णालयाचे चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच मापे छापली. दोघांचाही बीएमआय २२.३; शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२. म्हणून भारतीयांच्या बाबतीत कंबरेचा घेर आणि रक्तशर्करा जास्त बोलतात. आयसीएमआर-इंडिअॅब या देशव्यापी पाहणीत भारतीयांच्या उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के कर्बोदकांतून येतात आणि त्यांतली बरीच पांढरा तांदूळ, मैदा, साखर अशी असतात, असे आढळले. पिष्टप्रधान म्हणजे पाव-खारी नव्हे; ज्वारी-बाजरी, सालीसकट बटाटे आणि रोज डाळ-उसळ यांखेरीज ही पद्धती मधुमेहाकडे झुकलेल्या माणसाला पेलायची नाही. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरुवात करू नये. आहार बदलला की मात्रा जड पडू शकते.

दुसरा धोका ब१२ जीवनसत्त्वाचा. याज्ञिक यांच्याच २००६ च्या अभ्यासात पुणे परिसरातील ४४१ मध्यमवयीन पुरुषांपैकी ६७ टक्क्यांत ते कमी आढळले, शहरी मध्यमवर्गात ८१ टक्क्यांत. हे दूध-दही खाणाऱ्या समाजातले आकडे आहेत. तेही सोडल्यावर ब१२ गोळीतून किंवा पोषणवर्धित अन्नातूनच मिळवावे लागते. स्पिरुलिना किंवा इडलीच्या आंबलेल्या पिठावर विसंबता येत नाही.