‘मंकुभूत’ : खाली गेलेल्या मानेचा अर्थ

पालि वाङ्मयात अतिशय लज्जित झालेल्या मनुष्यासाठी ‘मंकुभूत’ हा शब्द येतो. खांदे गळालेला, अधोमुख, विचारमग्न, निरुत्तर ही विशेषणेही त्याच्या जोडीला असतात. मराठीत आपण ‘मान खाली जाणे’ म्हणतो, त्याचेच हे सविस्तर चित्र होय.

मज्झिमनिकायात हे वर्णन दोन अगदी भिन्न व्यक्तींना लावलेले आहे. अलगद्दूपमसुत्तातील भिक्खू अरिट्ठ हा पूर्वी गिधाडे मारणाऱ्यांपैकी होता, तर चूळसच्चकसुत्तातील सच्चक हा वैशालीतील लोकमान्य वादपटू होता. एकाने धम्माचा विपर्यास केला, दुसऱ्याने लिच्छवींसमोर बढाई मारली. भगवंतांनी दोघांचीही चूक दाखविली आणि दोघेही मंकुभूत होऊन बसले. अरिट्ठाचे मूळ सुत्तात नमूद आहे. परंतु त्याला दोष दिला तो मिथ्यादृष्टीबद्दल, जन्माबद्दल नव्हे.

नांदेड-लातूरच्या खेड्यांत याच्या नेमका उलट व्यवहार होता. कोणताही अपराध न केलेल्याला जन्मामुळे मान खाली घालावी लागे. घालावयास लावणाऱ्याची मान मात्र ताठ असे. लाजण्याजोगे नाही त्याची लाज बाळगणे आणि लाजण्याजोगे आहे त्याची न बाळगणे, या दोन्हींना धम्मपदाचा निरयवग्ग मिथ्यादृष्टीच म्हणतो. पैकी पहिली लाज १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी आम्हांला टाकून द्यावयास शिकविले.

दुसरी मिथ्यादृष्टी मात्र टिकून राहिली. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव संमत केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या जळू लागल्या. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळे यांची हत्या झाली. नामविस्तारासाठी १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. वस्त्या जाळणाऱ्यांपैकी किती जण मंकुभूत झाले? पापाची आंतरिक लाज म्हणजे ‘हिरी’. ती जेथे नाही तेथे मान खाली जात नाही.

हाच प्रश्न आपण स्वतःलाही विचारला पाहिजे. सोयरीक जुळविताना आपल्याच घरात पोटजात विचारली जाते, तेव्हा आपली मान खाली जाते काय? जन्माची लाज आम्ही टाकली हे योग्यच झाले. कर्माची लाज मात्र जपणे अगत्याचे आहे. शीलाचे रक्षण तीच करते.